तुम्ही विचारलंत म्हणून: पक्षाचे ब्लॉगर आणि माझा विश्वास

अमेरिकन निवडणुकांचा विषय निघाला की मला हमखास विचारलं जातं: एका पक्षाची उघड तळी उचलणाऱ्या ब्लॉगरांना तुम्ही एवढं का मानता?

डिसेंबर २००२मुळे. त्या ५ तारखेला सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाचा समारंभ झाला. हेच थर्मंड १९४८ साली काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याच्या धोरणासाठी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले होते. सिनेटमधले रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट समारंभात म्हणाले, आमच्या मिसिसिपीने तेव्हा यांना मतं दिली. बाकी देशानेही दिली असती तर पुढचे हे सगळे प्रश्न उभेच राहिले नसते. पत्रकार तिथे होते, संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या सी-स्पॅन वाहिनीवर भाषण दिसलंही, तरी बहुतेक मोठ्या माध्यमांनी सुरुवातीला ते सोडून दिलं. जॉश मार्शल यांनी मात्र 'टॉकिंग पॉइंट्स मेमो' या आपल्या ब्लॉगवर ते लावून धरलं. मार्शल डेमोक्रॅट्सच्या बाजूचे, त्यामुळे हे विरोधकांचं राजकारण म्हणून झटकता आलं असतं. पण ग्लेन रेनॉल्ड्स यांच्यासारखे उजवीकडचे, म्हणजे लॉट यांच्याच रिपब्लिकन बाजूचे ब्लॉगरही लॉट यांच्यावर तुटून पडले. २० डिसेंबरला लॉट यांनी नेतेपद सोडलं. आपल्याच माणसाला जाब विचारणारी ती धमक मला फार मोलाची वाटते.

२००४ मध्ये ती दिसली नाही. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेबद्दल सीबीएस वाहिनीने दाखवलेली १९७०च्या दशकातली म्हणवणारी कागदपत्रं खरी वाटत नाहीत, हे उजव्या ब्लॉगरांनी उघडं पाडलं. एकाने तोच मजकूर आजच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये टाइप करून तो त्या कागदांशी जुळतो, हे ताडून दाखवलं. काम चोख होतं. मात्र बुश यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी केरी यांच्या व्हिएतनाममधल्या शौर्यपदकांवर चिखलफेक करणाऱ्या जाहिराती नौदलाच्या नोंदींशी जुळत नव्हत्या, तिथे हीच बारीक नजर फारशी वळली नाही. डावीकडेही काहीजण सीबीएसच्या कागदांची बाजू लढवत राहिले.

म्हणून कुठलाही राजकीय ब्लॉग हाती आला की त्याने स्वतःच्या पक्षाला कधी धारेवर धरलंय का, हे मी आधी शोधतो. २००६ साली कनेटिकटमध्ये डाव्या ब्लॉगरांनी इराक युद्धाचं समर्थन करणाऱ्या आपल्याच सिनेटर जो लीबरमन यांच्याविरुद्ध नेड लॅमाँट यांना बळ दिलं. लॅमाँट यांनी पक्षांतर्गत निवडणूक जिंकली; नोव्हेंबरमध्ये लीबरमन अपक्ष म्हणून निवडून आले. अनेकजण याला ब्लॉगरांची हार म्हणतात. मी म्हणत नाही. सहा वर्षांपूर्वी पक्षाने उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिलेल्या माणसाला त्यांनी युद्धाबद्दल मतदारांसमोर उत्तर द्यायला लावलं.