चादरीत काय बघायलेत?

"चादरीत काय बघायलेत एवढं?" शेजारच्या काकू माझ्या मोबाईलमध्ये डोकावत म्हणाल्या.

काकूंनी लेकीला जर्मनीला पाठवलेलं पार्सल. स्क्रीनवर कालचीच ओळ: कस्टम्स तपासणीसाठी. आत मोरांच्या नक्षीची जाडजूड सोलापुरी चादर, तिच्या कोपऱ्यात काकूंनी सुईदोऱ्यानं घातलेलं लेकीचं नाव. (लेक नोकरीला गेलीय, हॉस्टेलला नाही. पण सांगणार कोण?)

मी जमेल तसं समजावलं. जिथं स्कॅन होतं तिथंच नोंद पडते, मधल्या प्रवासात काहीच दिसत नाही. पार्सलचा ट्रॅकिंग नंबर १३ अक्षर-आकड्यांचा, शेवटचं 'आयएन' म्हणजे भारतातून निघालेलं. तोच नंबर तिकडच्या पोस्टाच्या साइटवर टाकला तर कधीकधी पुढचं कळतं. टाकला. तिथंही तेच, फक्त जर्मनमध्ये.

"पूर्वी पत्र पेटीत टाकलं की विसरायचो," काकू म्हणाल्या. "आता हे दिसतंय म्हणून जीव थाऱ्यावर राहत नाही."

खरंय. उशीर तेव्हाही व्हायचाच, फक्त तासातासाला दिसायचा नाही.

ट्रॅकिंग नंबर काकूंना आता तोंडपाठ आहे. लेकीचा मोबाईल नंबर विचारला, तर अजून डायरी शोधतात.