ग्राफपेपर ते तीन वर्षांचा करार: आमची वाटचाल

वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, भोकांची कार्डं ठोकायला सुरुवात केली. बाण्याच्या (आडव्या) एका धाग्याला एक कार्ड. मोराच्या चादरीच्या कार्डांचा सेट दोऱ्याने शिवायला घरातल्या सगळ्या बायका बसायच्या. आमचे मास्टर ग्राफवरची नजर न हलवता कार्डांना भोकं पाडणाऱ्या पियानो मशीनवर बोटं चालवायचे. ते मशीन अजून आहे, दर दसऱ्याला मी स्वतः तेल घालतो.

इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलं तसं काम कॉम्प्युटरवर गेलं. मधली वर्षं बरी गेली.

मग डिझाइनच्या कामाला गल्लीतलाच बारावी झालेला एक मुलगा घेतला. हात चांगला, रंगाची समज उपजत. तीन महिने सुरतेला शिकायला पाठवला. फी, खोली, जेवण, सगळं आमच्याकडून. स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं: तीन वर्षं काम, नाहीतर तीन लाख भरपाई. चौदाव्या महिन्यात, दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर असताना, तो दोन गल्ल्या पलीकडच्या डिझाइनवाल्याकडे गेला. पगार तीन हजारांनी जास्त. त्या मालकाने माझ्याकडे साधी विचारपूसही केली नाही. शिकवायचं आम्ही आणि पीक कापायचं त्याने, हे मी आजही विसरलेलो नाही.

टेरी टॉवेलची सव्वीस डिझाइनं अडकली. कारखानदार एकेक करून तिकडे वळले. थांबले ते फक्त गुलबर्ग्याचे एक व्यापारी. म्हणाले, "शेट, तुम्ही कधी देता ते सांगा, तोवर मी दुसरीकडे जात नाही." वर ॲडव्हान्सही पाठवला. निवृत्त झालेले मास्टर एकाहत्तराव्या वर्षी भिंग घेऊन आले. ते ग्राफ काढायचे, मी रात्री कॉम्प्युटरवर चढवायचो. चाळीस दिवस असेच गेले.

वकिलांकडे गेलो तेव्हा वाटलं, करार आहे म्हणजे पोरगा परत येणार. ते म्हणाले, "अहो, कोर्ट कुणाला जबरदस्तीने नोकरीवर बसवत नाही. भरपाई मागू शकता, पण भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. मिळते ती वाजवी रक्कम. खर्चाच्या पावत्या कुठे आहेत?" सुरतेच्या फीची पावती होती. खोलीभाडं, जेवण, इथे शिकवलेले महिने, कशाचाच कागद नव्हता. शेवटी तडजोडीत बावन्न हजार मिळाले.

14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली, तेव्हा गल्लीतल्या दोघातिघांनी मला फोन केला, "आता बाँड चालतो की वो!" चालतो, पण निकाल नीट समजून घ्या. नोकरी चालू असतानाची अट त्याच कायद्याच्या कलम 27 खालचं व्यवसायबंधन, म्हणजे कामधंद्याला बेकायदा आडकाठी, ठरत नाही, असं कोर्टाने म्हटलं. सरकारी बँकेला पुन्हा भरती करायला वेळ आणि पैसा लागतो, हेही बघितलं. तुमच्या-माझ्यासारख्याने शिकवण्याचा खर्च दाखवायलाच हवा. आणि "सोडल्यावर सोलापुरात कुठेच काम करायचं नाही" असं लिहू नका. कलम 27 पुढे ते टिकत नाही. लूमवरच्या कामगाराला उचल देऊन फिटेपर्यंत अडकवणं तर 1976 च्या वेठबिगारी कायद्यात सापडतं. मुलांची मूळ मार्कशीट कपाटात ठेवणारेही आहेत. ठेवू नका.

आता प्रत्येक शिकाऊ मुलाच्या नावाचं वेगळं रजिस्टर आहे. फी, प्रवास, शिकवलेले तास, खाली त्याची सही. रक्कम खर्चाएवढीच, आणि दर महिन्याला कमी होत जाणारी. गेल्या महिन्यात नवा मुलगा घेतला. सहीआधी कराराची प्रत घरी दिली, म्हटलं वडिलांना वाचून दाखव. चौथ्या दिवशी वडीलच घेऊन आले. त्यांनी दोन वर्षं म्हटलं, मी अडीच, आणि अडीचवर सही झाली.