भोक बारीक, पण टायर बाद : माझा अनुभव

ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढायचे की टायरच बदलायचा, हे आपल्याकडे बहुतेक वेळा बाहेरून दिसणाऱ्या भोकावरून ठरते आणि रस्त्याच्या कडेला रबरी पट्टी कोंबून गाडी मार्गी लावली जाते. पावसाळ्यात माझ्यावर हा प्रसंग आला, तेव्हा टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय असा निर्णय घेऊ नये, असे माझे ठाम मत झाले.

मुंबईत कालिन्याहून चेंबूरकडे येताना सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या उड्डाणपुलावर स्टिअरिंग डावीकडे ओढू लागले आणि पाठोपाठ पुढच्या चाकाकडून फडफड ऐकू आली. पाऊस जोरात होता, मागे वाहनांची रांग होती आणि कठड्यालगत गाडी उभी करण्याजोगी जागा नव्हती. अशा ठिकाणी थांबणे म्हणजे अपघाताला निमंत्रण देणे. म्हणून चारही इंडिकेटर लावून, जोरात ब्रेक न मारता, खालच्या गिअरमध्ये हळूहळू पूल उतरले आणि अमर महाल चौकाच्या अलीकडे रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली. सोबत आई होती. तिला आधी वाहनांपासून दूर, फूटपाथवर उभे केले आणि लाल परावर्तक त्रिकोण गाडीच्या बराच मागे नेऊन ठेवला, कारण पावसात मागून येणाऱ्याला गाडी थांबलेली आहे हे लवकर कळत नाही.

स्टेपनी बसवण्याच्या कामात क्रम महत्त्वाचा असतो. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवली, तिरक्या बाजूच्या मागच्या चाकाला दगडाची अटक लावली आणि चाक जमिनीवर टेकलेले असतानाच पान्याने चारही नट थोडे थोडे सैल केले. जॅक लावण्याची जागा दाराखालच्या पट्टीवर दोन खाचांनी दाखवलेली असते. तिथेच तो लावावा, अन्यथा पत्रा चेपतो. खाली पेव्हर ब्लॉक होते आणि ते पावसाने हलत होते, म्हणून डिकीत ठेवलेली लाकडी फळी जॅकखाली घातली. स्टेपनी बसल्यावर नट आधी हाताने फिरवून बसवले, गाडी खाली घेतली आणि मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले. ओळीने एकेक नट कसला तर चाक आपल्या बैठकीवर तिरके बसू शकते.

चेंबूरमध्ये पंक्चरवाल्याने टायरमध्ये हवा भरून तो पाण्याच्या टाकीत फिरवला. बुडबुड्यांची बारीक माळ नक्षीच्या जवळजवळ मधोमध उठली. तिथे एक छोटा स्क्रू डोक्यापर्यंत रुतलेला होता. पक्कडीने तो ओढून काढताच, "ताई, जागा चांगली आहे, पट्टी मारतो, काम झालं," असे तो म्हणाला. जागेविषयीचे त्याचे म्हणणे बरोबर होते. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातील साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक दुरुस्त करता येते. टायरची बाजूची भिंत किंवा खांद्याचा, म्हणजे नक्षी आणि भिंत जिथे मिळतात तो कडेचा भाग मात्र दुरुस्तीच्या पलीकडचा असतो, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो भाग वाकतो आणि तिथली पट्टी किंवा ठिगळ धरत नाही. माझी शंका वेगळी होती. हवा गेलेल्या टायरवर गाडी पूल उतरेपर्यंत चालली होती, आणि तेवढ्या अंतरात आत काय झाले असेल हे बाहेरून कळणे शक्य नव्हते. टायर उतरवण्याचे यंत्र त्याच्याकडे नव्हते, म्हणून पट्टी न मारता मी टायर तसाच डिकीत टाकला आणि मुलुंडला, आमच्या नेहमीच्या टायरच्या दुकानात गेले.

दुकानदारांनी टायर यंत्रावर चढवून रिमवरून सोडवला आणि आत हात फिरवून तळवा माझ्यासमोर धरला. तळव्यावर मिरपुडीसारखी काळी भुकटी होती. टायरच्या आतल्या भिंतीवर सबंध गोलाईत एक खरखरीत पट्टा उमटला होता आणि दाबल्यावर तिथले रबर मऊ, सैल लागत होते. हवा नसताना गाडीचे वजन भिंतीवर येते, ती दुमडून स्वतःवरच घासते, तापते आणि आतल्या धाग्यांचा आधार जातो. "भोक बारीक आहे, पण टायर आतून गेलाय. याला पट्टी मारली तर हवा टिकेल, हायवेला भिंत फुटली तर मात्र सावरायला वेळ मिळणार नाही," असे त्यांनी सांगितले. हा टायर बाहेरून धडधाकट दिसत होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

यानंतर प्रश्न आला तो एक टायर घ्यायचा की दोन. स्टेपनी न वापरलेली होती, तेव्हा तीच कायम ठेवावी असा विचार मनात आला. पण टायरच्या भिंतीवरील लंबगोलात शेवटचे चार आकडे ३११८ होते, म्हणजे तो २०१८ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला होता. रबर न वापरताही कडक होत जाते, त्यामुळे इतका जुना टायर रोजच्या वापरासाठी मी नाकारला. पुढच्या उजव्या टायरची नक्षी अर्धीअधिक झिजली होती. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर कायद्यानेही बाद ठरतो. ती वेळ अजून आली नव्हती, परंतु एकाच आसावर एक नवा आणि एक झिजलेला टायर असल्यास ओल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंची पकड असमान होते. म्हणून दोन नवे टायर घेतले आणि उजवीकडचा उतरवलेला टायर स्टेपनीच्या जागी ठेवला.

माप जुनेच ठेवले : १६५/८० आर १४, ८५टी. रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, रेडियल बांधणी, १४ इंची रिम, प्रत्येक टायरला ५१५ किलो भार आणि ताशी १९० किलोमीटरची कमाल मर्यादा, असा त्याचा अर्थ आहे. नव्या टायरांवर आयएसआय चिन्ह आणि अलीकडची तारीख पाहून मगच होकार दिला.

नवे टायर पुढे बसवण्याची तयारी दुकानातील मुलाने सुरू केली होती. ते मागे बसवून मागचे बऱ्या नक्षीचे टायर पुढे आणावेत, असा आग्रह मी धरला आणि दुकानदारांनीही तो उचलून धरला. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला नवे टायर पुढेच हवेत, ही समजूत इतकी पक्की आहे की न सांगता कोणी मागे बसवत नाही.

व्हॉल्वही नवे बसवून घेतले, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट केली. मशीनने नट आवळल्यावर शेवटचा कस टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने, द्यायला लावला. हवा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरायची असते, म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तपासली. साधारण शंभर किलोमीटर चालल्यावर नटांचा कसही एकदा पाहून घेतला. विम्याची चौकशी केली तेव्हा कळले, की नेहमीच्या पॉलिसीत टायरची भरपाई गाडीचेही नुकसान झाले असेल तरच, आणि तीही निम्मीच मिळते. टायरसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

बाद टायर मी घरी आणला नाही. उघड्यावर पडलेल्या टायरात पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास होतात आणि महापालिका दर पावसाळ्यात असे टायर हटवायला सांगते. पट्टी मारून तो दुसऱ्या कोणाला विकला जाऊ नये, म्हणून त्याची भिंत माझ्यासमोर करवतीने आरपार कापायला लावली आणि मगच तो दुकानात सोडला.