बिबड्यांचा डबा

खानदेशातलं चैत्र-वैशाखाचं ऊन म्हणजे लोकांना शिव्या घालायला हक्काची जागा. पारा 44-45च्या घरात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या मायला मात्र या उन्हाचं कोण अप्रूप! दिवस उजाडताच ती अंगणात येऊन आभाळाकडे बघायची आणि अंथरुणात लोळणाऱ्याला हाक मारायची, "ऊठ रे, ऊन वाया जाई ऱ्हायनं!"

आम्ही भावंडं माय म्हणायचो, म्हणून नातवंडंही मायच म्हणू लागली. बसून आजीपणा करायला तिला सवडही नव्हती.

अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरते वैशाखात. त्याच्याही आधी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी यायच्या आत, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, डब्यात गेले पाहिजेत हा मायचा कायदा. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं, मग उपसून, जरा सुकवून भरडायची आणि कोंडा पाखडून काढायचा. दादर ज्वारी भाकरीला, हायब्रीड बिबड्याला, ही वाटणी ठरलेली. बिबड्यात दादर घालणारीला ती सरळ उधळी म्हणायची. पहाटे अंगणातल्या चुलीवर पातेलं चढे, खाली पऱ्हाट्यांचा जाळ, वर लसूण, जिरं, तीळ, तिखट-मीठ घातलेलं आधण. त्यात भरड वैरली की चाटू फिरवणाऱ्याचे दंड भरून येत. त्या दिवशी आमची न्याहारी म्हणजे वाटीभर गरम घाटा आणि वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. याच्यापुढे पोहे-उपमा मला आजही आजाऱ्याचं खाणं वाटतं.

गल्लीतल्या बाया घराच्या धाब्यावर, सपाट छतावर जमत. आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या काकूंकडे. बोलून काही ठरलेलं नसे, पण कोण कुणाकडे आलं नाही हे वर्षभर कुणी विसरतही नसे. बाबांचं जुनं धोतर भिजवून अंथरायचं, घाट्याचा गोळा ठेवून ओल्या तळव्याने थापायचा. मायचा बिबडा मधे आणि कडेला सारखाच पातळ. संध्याकाळी कापड उलटं करून पाण्याचा हात फिरवला की बिबडा सुटून यायचा आणि त्याच्या पाठीवर विणीची जाळी उमटलेली असायची, ताणाबाणा मोजता येईल इतकी स्पष्ट.

कावळ्यांवर राखण नातवंडांची. अर्धे वाळलेले, चिवट बिबडे कडेकडेने गायब व्हायचे. माय ओरडायची नाही. ती कडेला एक ओळ जास्तीची घालायची आणि आम्हाला बजावायची, "ती राखणदारांची."

गेल्या भाद्रपदात माय गेली. चैत्रात केलेल्या बिबड्यांचा पत्र्याचा डबा जवळजवळ भरलेला होता. बहीण म्हणाली, तिचे हात लागलेत, हे ठेवायचे. मलाही पटलं. खरं तर ठेवणं हा मायचा स्वभावच नव्हता. आहेरात आलेली भांडी ती आठवड्यात वापरात काढायची, सणावारासाठी म्हणून घेतलेलं लुगडं नेसून शेतात जायची. आम्ही डब्याला झाकण घालून तो माळ्यावर ठेवला. दिवाळीत भाच्याने तो खाली काढला आणि कुणाला न विचारता गॅसवर बिबडा भाजला. भाजलेल्या तिळा-लसणाचा वास घरभर झाला. बहीण आधी रडली, मग तिने एक घेतला, चावला आणि म्हणाली, "तिखट कमी पडलंय." त्या डब्याचा तळ दिसायला संक्रांतही लागली नाही.

यंदा मी बाजारातून विकतचे आणले. चव वाईट नव्हती, पण दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. प्लास्टिकच्या कागदावर घातलेले असणार. बहिणीने एक उलटा करून पाहिला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. घरी करायचे ठरले. पण धोतर आणायचं कुठून? बाबांमागे घरात धोतर नेसणारं कुणी उरलं नाही. शेवटी तिने मायची पेटी उघडली आणि एक हिरवं सुती लुगडं बाहेर काढून काठ फाडायला घेतले.

"अगं, चांगलं आहे ते," मी म्हटलं.

"चांगलंच लागतं. जाड्याभरड्या कापडाला बिबडा चिकटतो. तू इथे उभा राहू नकोस, ज्वारी घेऊन ये. हायब्रीड."