मागची बाजू

आमच्या घाटंजी तालुक्यात मृग लागला की मला दोन घाया सुटतात. पऱ्हाटी डोबायची आणि दिवाळी अंकाला कथा धाडायची. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात कापूस नसणार, पण हंगाम अगदी जुळून आलाय. पाऊस पडायला बी टाकायचं, दिवाळीच्या सुमारास हाती काय लागतं ते बघायचं. फरक इतकाच की सरकी उगवली नाही तर आठ-दहा दिवसांत कळतं, नांग्या भरता येतात, दुबार पेरणीही होते. कथेचं मात्र तीन-तीन महिने काहीच कळत नाही. आणि तोवर तीच कथा दुसऱ्या अंकाला द्यायची नाही, असा रिवाज.

मी पाठवायला लागलो तेव्हा नियम कडक होते. फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट. म्हणजे नकाराचं परतीचं भाडंही आपणच आधी भरून ठेवायचं! ते पाकीट यायचं आपल्याच अक्षरात. पोस्टमनदादा पारापाशी सायकल टेकवून सगळ्यांदेखत म्हणायचे, "सर, तुमीच तुमाले चिठ्ठी धाडली जी." पारावरच्या मंडळींना निकाल जाडीवरूनच कळे. पोस्टकार्ड आलं तर कथा लागली, जाड पाकीट आलं तर 'साभार परत'. त्यातला 'साभार' मला फार बोचायचा. सोयरीक मोडणारे पाहुणेसुद्धा 'घरी जाऊन कळवतो' म्हणून उठतात, आभार मानत नाहीत.

बाबांना मात्र यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी एकाधिकार खरेदीचा, म्हणजे कापूस फक्त सरकारी केंद्रावरच विकायचा, तो काळ पाहिला होता. बैलबंडी घेऊन केंद्रावर रात्र काढायची, सकाळी ग्रेडर येऊन गाडीतून मूठभर कापूस उचलणार, बोटांनी तंतू ताणून पाहणार आणि प्रत सांगणार. कधी ओला म्हणून गाडीच माघारी. माझी कथा तिसऱ्यांदा परत आली तेव्हा बाबा ओसरीवरून म्हणाले, "ग्रेडर वरचीच मूठ पाह्यते बापा. तुहा चांगला कापूस खाली दबला असन. वर ठेवत जाय." कथालेखनावर पुढे मी बरीच भाषणं ऐकली, त्यांतलं इतकं कामाचं एकही नव्हतं. माझ्या कथेत पहिली दोन पानं नुसता पाऊस पडत होता. तो मी काढून टाकला.

तरी मनात शंका होतीच की वरची मूठ तरी कोणी पाहते का? म्हणून एक चावटपणा केला. सातव्या आणि आठव्या पानाच्या मध्ये कापसाचा एक तंतू ठेवून दिला. कथा परत आली, तंतू जागच्या जागी. चार दिवस मी खुशीत होतो. वाचलीच नाही, मग नकार कसला? पुढच्या खेपेला तंतू गायब होता. म्हणजे सातव्या पानापुढे कोणीतरी गेलं होतं, आणि जाऊनही परत केली होती. त्या रात्री जेवण गेलं नाही. तंतू ठेवणं तेव्हापासून बंद.

परत आलेल्या कागदांचा उपयोग बायकोने शोधला. "मांगची बाजू त कोरीच हाये," म्हणून तिने त्यांवर वेचणीचा हिशेब लिहायला सुरुवात केली. माझ्या नायिकेच्या विरहामागे कोणी किती किलो कापूस वेचला याची नोंद. दोन्हींत खरा मजकूर कोणता, यावर आमच्यात मतभेद नाहीत.

एका वर्षी नव्याने उतरवून काढायचा कंटाळा केला आणि परत आलेलीच प्रत दुसऱ्या मासिकाला धाडली. नववं पान उलटून पाहायचं राहिलं. दीड महिन्याने नेहमीचं जाड पाकीट आलं. छापील चिठ्ठीवर काहीच नव्हतं, पण नवव्या पानाच्या पाठीमागे बारीक पेन्सिलीने कोणीतरी लिहिलं होतं: 'बेरीज 128 हवी, 138 नव्हे.'

बायकोने बोटं मोडत दोनदा मोजलं. 22, 31, 27, 19 आणि 29. संपादकांचं बरोबर होतं. त्याच 10 किलोंपायी मी खेडा खरेदीवाल्याशी, म्हणजे गावातच येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याशी, त्याचा काटा खोटा म्हणून, भर चौकात भांडून आलो होतो.