तुम्ही विचारलंत म्हणून: ढवळी अजून घरात का आहे

"बापापेक्षा ससा जास्त झाला का गं तुला?"

आमचा पाळलेला ससा, ढवळी, बाबांच्या बोटाला चावली तेव्हापासून हे मला लग्नाच्या मांडवात विचारून झालंय, दारात भाजी घेताना विचारून झालंय, आणि फोनवर तर सख्ख्या भावानं विचारलंय. काहीजण एवढं थेट बोलत नाहीत. "अजून आहे का ते घरात?" एवढंच म्हणतात आणि माझ्या तोंडाकडं बघत राहतात. दर वेळी मी "आहे की" म्हणून विषय बदलला. आता सगळं सांगते, कारण माझ्या अर्ध्या उत्तराचे अर्थ लोकांनी आपापले लावलेत आणि ते फिरून बाबांच्या कानावर येतात.

ढवळी आमच्याकडं कशी आली ते तुम्हाला माहीत आहे. तिनं काय काय कुरतडलं तेही माहीत आहे, मीच ते कौतुकानं सांगत होते. गादीचा कोपरा, चौरंगाचा पाय, भिंतीचे ओलीनं सुटलेले पोपडे, कूलरची वायर. त्याबद्दल माझी तक्रार तेव्हाही नव्हती, आजही नाही. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. घासले गेले नाहीत तर वाकडे वाढून तोंडात रुततात आणि जनावर उपाशी मरतं. मग ते कुरतडणारच. वायरींवर प्लास्टिकचा पाइप चढवला, चौरंग वर ठेवला, तिला जामाच्या वाळक्या फांद्या आणि गोणपाट दिलं. कूलरच्या वायरीची धास्ती मात्र जात नाही. शॉक बसायची भीती आहेच, पण परभणीच्या मे महिन्यात कूलर बंद पडला तर पहिला जीव तिचाच जाईल. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी कानांवाटे बाहेर पडते. पारा तिशीच्या पुढं गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आमच्याकडं तो बेचाळीस-त्रेचाळीसवर जाऊन बसतो.

तर प्रश्न नासधुशीचा नाही, चावण्याचा आहे.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. ढवळी तेव्हा नुकती वयात आलेली. आठवडाभर तिचं काहीतरी बिनसलं होतं. स्वतःच्या छातीवरचे केस तोंडानं उपटायची, गवताच्या काड्या आडव्या तोंडात धरून दिवाणाच्या मागं न्यायची. केरसुणी तिकडं सरकली की कान मागं टाकून घुरायची, मागचे पाय फरशीवर आपटायची. त्या संध्याकाळी बाबांच्या चष्म्याचं घर दिवाणामागं पडलं. ते गुडघ्यावर बसले आणि वरून हात आत घातला. मी स्वयंपाकघरात होते. पाय आपटल्याचा आवाज आला, मग घुरण्याचा, आणि मग काहीच नाही. बाबा ओरडले नाहीत. मी बाहेर आले तेव्हा ते भिंतीला टेकून उजवा हात डाव्या हातात धरून बसले होते. तिनं दात रोवून लगेच सोडलं नव्हतं. चष्म्याचं घर ओढताना त्याच्याबरोबर केसांचा मऊ पुंजका बाहेर आला होता आणि त्यावर बाबांचं रक्त होतं.

जखम लहान दिसत होती. नळाखाली साबणानं धुतली, डॉक्टरांकडं जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. पण बाबांना किती वर्षांपासून साखर आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. बोट सुजलं, काळंनिळं पडलं, चिरून पू काढावा लागला. हाडापर्यंत गेलं तर शेंडा काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आई दवाखान्याच्या पायरीवरच बसली. रोज ड्रेसिंग. उजव्या हाताची तर्जनी. बाबा डाव्या हातानं चमच्यानं जेवायचे, आणि वरण सांडलं की आमच्याकडं न बघता पुसून घ्यायचे.

त्यातच नोव्हेंबर आला. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. बाबा म्हणाले, मी एकटा जातो. बँकेत सही जुळेना. बोटाला पट्टी, अक्षर पाचवीतल्या पोराचं. साहेबांनी विचारलं, हाताला काय झालं? बाबांनी खरं ते सांगितलं, ससा चावला. रांगेतली माणसं हसली. पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाचा डाव्या हाताचा अंगठा घेतला त्यांनी. हे मला बाबांनी सांगितलं नाही. रांगेत असलेल्या शेजारच्या काकांनी सांगितलं, तेही हसतच, आणि शेवटी म्हणाले, "सोडून दे की शेतात."

त्या रात्री मी ढवळीला घालवायचं ठरवलं होतं. हे कुणालाच माहीत नाही, म्हणून सांगते. भावाला तसा मेसेजही लिहिला. पाठवला नाही.

शेतात सोडायचा सल्ला मला सगळ्यात जास्त मिळाला. आपल्या शेतातला ससा वेगळा, हा वेगळा. शेतातल्या सशाची पिल्लं उघड्यावर जन्मतात, जन्मताच अंगावर केस आणि डोळे उघडे. ढवळीची जात मूळची युरोपातली, बिळात राहणारी. तिची पिल्लं आंधळी, उघडी जन्मतात. आपली काळी जमीन पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा. तिथं हे पांढरंशुभ्र, लाल डोळ्यांचं, नजर अधू असलेलं जनावर एक दिवस काढणार नाही. कुत्रं, मुंगूस, घार, कुणीही उचलेल. सोडणं म्हणजे मारणंच आहे, फक्त आपण बघायला थांबत नाही. एकानं मटणासाठी मागितली. ते निदान सरळ बोलणं होतं.

दुसऱ्या कुणाला द्यायची म्हटलं तर चावते हे लपवून द्यावं लागलं असतं. सांगितल्यावर कोण घेणार होतं?

ती का चावली ते नंतर कळलं. जनावरांच्या डॉक्टरांना केस उपटल्याचं सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, खोटा गाभ. नर जवळपास नसतानाही मादीच्या अंगात गाभणेपणाचे बदल होतात, सोळा-अठरा दिवस टिकतात, ती घरटं करते आणि राखते. शिवाय सशाला दोन्ही बाजूंचं दिसतं, पण नाकासमोरचं दिसत नाही. वरून आलेला हात तिच्या लेखी घारीचा पंजा. बाबांचा हात तिच्या घरट्यात वरून गेला होता.

तेव्हा मी सगळ्यांना हेच ऐकवायचे. बाबांनी हात घालायला नको होता, तिची चूक नाही. आज मला ते वाक्य म्हणवत नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या दिवाणामागं हात घालायला माणसानं विचार का करावा? पण ते वाक्य खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही. दोन्ही माझ्या डोक्यात आहेत आणि एक दुसऱ्याला हटवत नाही.

जानेवारीत, थंडी असताना, तिचं ऑपरेशन करून आणलं. इथं गाई-म्हशींचं सगळं होतं, पण सशाची पिशवी काढायला कुणी तयार होईना, म्हणून संभाजीनगरला गाडी करून नेलं. सशाला ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवत नाहीत, कारण त्याला उलटी होतच नाही आणि पोट थांबलं की जीव जातो. म्हणून वाटभर तिला हरळी भरवत होते. खर्चावरूनही बोललात तुम्ही. तो माझ्या पगारातून केला.

अंगातले बदल उतरायला काही आठवडे लागले. आता ती केस उपटत नाही, घुरणं बरंच कमी झालंय. तिच्या कोपऱ्याची झाडलोट ती बाहेर असतानाच करते. हात वरून न्यायचा नाही, बाजूनं कपाळावर न्यायचा. तिला उचलायचं नाही, कारण लाथ झाडताना सशाचा कणा मोडू शकतो. ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच. हे सगळं पाळूनही ती मला परत एकदा चावली आहे. ती सुधारली असं मी म्हणणार नाही.

बाबांचं बोट वाचलं. नख वाकडं आलं आणि शेंड्याला अजून स्पर्श कळत नाही. आणि एक गोष्ट तुमच्यापैकी कुणी बघितलेली नाही. ढवळी खोलीत असली की बाबा खुर्चीवर पाय वर घेऊन बसतात. काही बोलत नाहीत, नुसते पाय वर घेतात. ते रोज बघत मी हा ससा ठेवलाय. तुमच्या प्रश्नानं मला जेवढं लागतं त्यापेक्षा हे जास्त लागतं.

मी एकदा त्यांना स्पष्ट विचारलं, घालवू का तिला? ते म्हणाले, "माझ्या बोटाचं नाव पुढं करून तिला घालवू नको, आणि मी काही बोलत नाही म्हणून ठेवूही नको. तुझं तू ठरव." तुम्हाला वाटतं मी त्यांना विचारलंच नाही. विचारलं, आणि मिळालेलं उत्तर हे असं आहे.

बापापेक्षा ससा जास्त झालेला नाही. पण तिला मरायला सोडून बाबांची भरपाई होते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

या दिवाळीला भाऊ येतोय. त्याची मुलगी आता घरभर चालते, आणि त्यानं आधीच सांगितलंय की ढवळी असेल तर तो लॉजवर उतरेल. आमचं घर दोन खोल्यांचं आहे. आई म्हणते तेवढे दिवस तिला गच्चीवरच्या खोलीत ठेव, पण वर पत्रा आहे, आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो दुपारी हात लावू देत नाही. भावाला अजून उत्तर दिलेलं नाही.