पोच

16 जून 2025, सोमवार. विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात मी कक्ष अधिकारी आहे आणि जेआरएफच्या, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपच्या, दरमहा पुष्टीकरणात ‘चेकर’ही मीच. अधिविभागातला लिपिक, म्हणजे ‘मेकर’, पोर्टलवर प्रत्येक संशोधकाच्या नावापुढे हो किंवा नाही भरतो. ते तपासून मी पुढे पाठवते. महिन्याचे 37,000 रुपये आणि घरभाडं खात्यात जाणार की नाही, हे तिथेच ठरतं.

साडेअकराच्या सुमारास इतिहासाची एक संशोधक माझ्या टेबलापाशी आली. बाहेर बाकावर तिच्या सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. धुळ्याकडून रात्रीच्या एसटीनं आल्या होत्या दोघी. तिनं एक पत्र पुढे केलं : प्रगती असमाधानकारक, सुधारणा न झाल्यास नोंदणी रद्द करण्याची शिफारस करण्यात येईल. नोव्हेंबरपासून फेलोशिप बंद. सात महिने.

‘‘मॅडम, मी प्रसूती रजेवर होते. अर्ज दिला होता.’’

माझ्याकडे अर्ज नव्हता. यादी उघडली तर तिच्या नावापुढे सातही महिने ‘नाही’, आणि त्या सातही नोंदी मीच मंजूर करून पुढे पाठवलेल्या. का ‘नाही’, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

तिनं पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. त्यात अर्जाची झेरॉक्स, वर अधिविभागाचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. ही पोच तिनं जपून ठेवली होती म्हणून पुढचं सगळं झालं. जिच्याकडे पोच नसेल तिचं काय, हे अजूनही मनातून जात नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2022 च्या नियमावलीत स्त्री संशोधकांना पूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे. जेआरएफच्या नियमांतही प्रसूती रजेत फेलोशिप थांबत नाही. पण दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे काम मांडायचं असतं आणि जानेवारीच्या बैठकीत ती गैरहजर होती. तिचे आधीचे मार्गदर्शक डिसेंबरात निवृत्त झाले, नवे नेमले गेले, आणि त्यांना रजेचं कुणी सांगितलंच नाही. समितीनं समोर असलेल्या कागदावर शेरा मारला.

‘‘काम थांबलं नव्हतं,’’ असं म्हणत तिनं एक जाडजूड वही उघडली. पांझरा नदीच्या खोऱ्यातली फड पद्धत, म्हणजे शेतांचे फड पाडून नदीचं पाणी सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायची रीत, हा तिचा विषय. बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटावरचे फड, सगळं हातानं आखलेलं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकरी पाणी सोडणार. एका म्हाताऱ्या पाटकऱ्यानं सांगितलेल्या पाण्याच्या पाळ्या तिनं रजेतच रेकॉर्डिंग ऐकून उतरवल्या होत्या. त्या पानाच्या समासात काजळाचं एक बोट उमटलं होतं, बाळाचं. मी पान उलटता उलटता थांबले.

मग तिला घेऊन इतिहास विभागात गेले. खरं तर पत्र पाठवून उत्तराची वाट बघायची, अशी रीत आहे. त्या दिवशी ती पाळली नाही, आणि बरं केलं. आवक रजिस्टरमध्ये नोंद मिळाली. अर्ज निवृत्त सरांच्या नावाच्या फायलीत होता, टाचणीसकट. विभागप्रमुख बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘चूक आमची आहे. आजच लिहून देतो.’’ नव्या मार्गदर्शकांनी समितीच्या सदस्यांना फोन लावले. चारच्या आत दुरुस्तीचं पत्र माझ्या हातात : जानेवारीत मंजूर रजेवर, शेरा मागे.

थकबाकीचा प्रस्ताव करायला मी बसले तोवर बाहेर बाळ रडायला लागलं होतं. सासूबाई आत डोकावल्या. ‘‘ताई, बचत गटातून वीस हजार उचललेत. हिचं शिकणं बंद नाही ना पडणार?’’

‘‘नाही पडणार,’’ मी म्हणाले. एवढं ठाम बोलायचा अधिकार मला होता का, माहीत नाही. पण ते म्हणणं त्या क्षणी गरजेचं होतं.

पैसे ऑगस्टमध्ये जमा झाले. दोन वर्षं पूर्ण झाल्यामुळे एसआरएफचं, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिपचं, मूल्यमापन बाकी होतं. तीन जणांची समिती, त्यात एक बाहेरच्या तज्ज्ञ. पार पडलं की महिना 42,000. ती बैठक सप्टेंबरात लागली. फाईल द्यायला मी गेले तेव्हा त्या तज्ज्ञ बाईंनी वही स्वतःकडे ओढून घेतली होती. काजळाच्या त्याच पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘हा फड त्या वर्षी पड का ठेवला?’’

ती खुर्ची पुढे सरकवून सांगायला लागली. मी हळूच दार ओढून घेतलं.